वळवात भिजलेल्या शेंगा : लिव्हर अफ्लाटॉक्सिनचं नेमकं काय करतं, आणि भाजून ते जातं का?

हिरण्यकेशी_हुक्केरी

उन्हाळी शेंगा उपटून रानात पडलेल्या असतात आणि नेमका वळीव गाठतो. ढीग पुन्हा वाळवला तरी फोडताना काही दाणे काळपट, सुरकुतलेले निघतात, काहींवर हिरवट-पिवळी बुरशी. आपल्या भागात अशा मालाची वाटणी ठरलेली आहे. चांगला एपीएमसीत, मधला घरच्या चटणीला आणि कुटाला, अगदी टाकाऊ तो घाण्यावर. तेल घरात, पेंड म्हशीला.

यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असतं आणि ते लिव्हरला वाईट, इथवर सगळेच सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. पोटात गेल्यावर लिव्हर त्याचं करतं काय? विष मोडून बाहेर टाकणं हेच लिव्हरचं काम, मग याच विषापुढे ते हात का टेकतं? खरपूस भाजल्यावर किती उरतं? एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आलं तर निर्धास्त राहावं का? दुकानातल्या लिव्हर टॉनिकने काही फरक पडतो का? 'जपून खा' असलं उत्तर नको, तपशील हवा.

जीवरसायन_टिळकवाडी

अफ्लाटॉक्सिन बी-१ शेंगदाण्यात ज्या रूपात असतं, त्या रूपात ते डीएनएला काहीच करू शकत नाही. त्याला धार लागते ती लिव्हरमध्ये, आणि धार लावणारी एन्झाइमं म्हणजे रोजची औषधं मोडणारीच एन्झाइमं. बाकीचं सगळं यातूनच निघतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

दाण्यावर वाढणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी बी-१ आणि बी-२ बनवते. तिची भावकी अ‍ॅस्परजिलस पॅरासिटिकस त्याशिवाय जी-१ आणि जी-२ही बनवते. चौघांत बी-१ जहाल. रेणू लहान आणि चरबीत विरघळणारा, त्यामुळे लहान आतड्यातून सहज शोषला जातो आणि पोर्टल शिरेतून थेट लिव्हरमध्ये उतरतो. चरबीत विरघळणारी वस्तू लघवीतून बाहेर काढता येत नाही. म्हणून लिव्हरच्या पेशी तिच्यावर ऑक्सिजन बसवून तिला पाण्यात विरघळेल अशी करू बघतात. हे काम सायटोक्रोम पी४५० कुळातल्या एन्झाइमांचं. बी-१ साठी माणसात मुख्य दोन : सीवायपी ३ए४ आणि सीवायपी १ए२.

आता ऑक्सिजन नेमका कुठे बसतो त्यावर पुढचं सगळं अवलंबून. १ए२ने एका ठरावीक जागी हायड्रॉक्सिल गट बसवला तर एम-१ तयार होतं. ३ए४ने दुसऱ्या जागी बसवला तर क्यू-१. मिथिल गट काढून टाकला तर पी-१. कर्करोग घडवण्याच्या बाबतीत ही तिन्ही बी-१पेक्षा बरीच दुबळी, आणि लघवीतून किंवा पित्तातून जाण्यासारखी. इथवर लिव्हरने आपलं काम चोख केलं.

पण तोच ऑक्सिजन रेणूच्या टोकाला असलेल्या फ्युरान कड्यातल्या आठव्या आणि नवव्या कार्बनमधल्या दुहेरी बंधावर बसला, तर तयार होतं ८,९-एपॉक्साइड. ते इतकं अस्थिर की पाण्यात त्याचं अर्धं आयुष्य जेमतेम एक सेकंद. या सेकंदात त्याच्यापुढे तीन वाटा असतात.

पहिली वाट बऱ्याची. ग्लुटाथिओन एस-ट्रान्सफरेज हे एन्झाइम त्याला ग्लुटाथिओन हा पेशीतलाच रेणू जोडून टाकतं. जोडलेला माल पित्तातून आतड्यात जातो, काही भाग पुढे मूत्रपिंडात मोडला जाऊन लघवीतून जातो. पेशीला इजा नाही.

दुसरी वाट : एपॉक्साइडवर पाणीच बसतं आणि डायहायड्रोडायॉल तयार होतं. ते उघडून डायअल्डिहाइड होतं आणि प्रथिनांतल्या लायसिनला चिकटतं. पेशीत आणखी एक एन्झाइम आहे, अफ्लाटॉक्सिन अल्डिहाइड रिडक्टेज. ते यातला काही भाग निकामी करतं. उरलेला पेशीतली प्रथिनं खराब करतो. रक्तातल्या अल्ब्युमिनलाही तो चिकटतो. हा मुद्दा खाली तपासणीच्या संदर्भात येईल.

तिसरी वाट वाईट. एपॉक्साइडची दोन रूपं असतात, एक्सो आणि एंडो. एक्सो रूप डीएनएच्या पायऱ्यांमध्ये बरोबर सरकून बसतं आणि ग्वानीन या डीएनएच्या घटकातल्या सातव्या नायट्रोजनला घट्ट जोडलं जातं. एंडो रूपाला ते जमत नाही. ३ए४ मुख्यतः एक्सो बनवतं, १ए२ दोन्ही. जोडलेला ग्वानीन कधी डीएनएतून सुटून लघवीत जातो, आणि तिथे तो मोजता येतो. कधी त्याचं कडं उघडून तो आणखी पक्का बसतो, ते दुरुस्त व्हायला फार अवघड. दुरुस्ती होण्याआधी पेशी विभागली की चूक कायमची. पेशींची बेलगाम वाढ रोखणाऱ्या टीपी५३ या जनुकाच्या २४९व्या कोडॉनमध्ये ग्वानीनच्या जागी थायमीन येतं आणि प्रथिनात आर्जिनिनऐवजी सेरीन बसतं. चीनमधल्या चिडोंग भागात आणि दक्षिण आफ्रिकेकडे, जिथे मका-शेंगांत अफ्लाटॉक्सिन जास्त, तिथल्या लिव्हरच्या गाठींमध्ये हाच बदल पुन्हा पुन्हा सापडला.

म्हणजे सगळा खेळ पहिली वाट किती वेगाने चालते यावर. छोट्या घरउंदराच्या (माऊस) लिव्हरमधलं ग्लुटाथिओन जोडणारं एन्झाइम या एपॉक्साइडवर झडप घालतं, म्हणून उंदीर बी-१ खाऊनही बऱ्यापैकी टिकतो. टर्कीच्या लिव्हरमध्ये ही ताकद जवळजवळ नाहीच. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेली शेंगपेंड खाऊन लाखभर टर्की मेल्या, त्याच प्रकरणाच्या तपासातून अफ्लाटॉक्सिन सापडलं. आणि माणूस? आपली एन्झाइमं एपॉक्साइड बनवण्यात कमी नाहीत, पण ग्लुटाथिओन जोडण्यात उंदराच्या आसपासही नाहीत.

बाहेर पडतं का, तर हो. खाल्लेल्यातला बहुतेक भाग काही दिवसांत लघवी आणि विष्ठेतून जातो, लिव्हरमध्ये तो साठून राहत नाही. डीएनएतला बदल मात्र तिथेच असतो. त्यामुळे 'आठ दिवस पथ्य करून लिव्हर साफ' या कल्पनेला अर्थ नाही. साफ करायचं ते आठ दिवसांत आपसूकच गेलेलं असतं.

टॉनिकबद्दल. एपॉक्साइड तयार झाल्यावर त्या एका सेकंदात मध्ये पडून ते थांबवेल असं माणसांत सिद्ध झालेलं कोणतंही सिरप दुकानात नाही. एक प्रयोग मात्र सांगण्यासारखा आहे. चिडोंगमध्येच १८० लोकांवर क्लोरोफिलिन वापरून बघितलं, १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा जेवणाबरोबर, चार महिने. लघवीतला तो अफ्लाटॉक्सिन-ग्वानीन ५५ टक्क्यांनी कमी झाला. पण ते लिव्हरला मदत करून नव्हे, तर आतड्यातच अफ्लाटॉक्सिनला धरून ठेवून. म्हणजे तिथेही लिव्हरपर्यंत पोचू न देणं हाच उपाय ठरला.

जोंधळा_अथणी

अण्णा, रसायन पटलं. पण पेवातून काढलेला कुबट वासाचा जोंधळा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला गेला. इतकं जहाल असेल तर माणसं उभी राहिली कशी?

जीवरसायन_टिळकवाडी

दोन गोष्टी एकत्र होताहेत. जोंधळ्याच्या कणसावर पावसात येते ती काळी-गुलाबी बुरशी बहुधा वेगळ्या जातीची असते. अफ्लाटॉक्सिनचा खरा धोका शेंगदाणा आणि मका यांत, त्यानंतर सरकी आणि मिरचीत. शाळू तर कोरड्या हवेत पिकतो, म्हणून अथणीकडच्या शाळवाची आणि भिजलेल्या मक्याची तुलना करता येत नाही. तरी जोंधळा अगदी निर्दोष असंही नाही. १९९५ साली अवकाळी पावसात भिजलेला जोंधळा आणि मका खाऊन दख्खन पठारावरच्या काही गावांत पोटदुखी आणि जुलाबांची साथ आली होती. त्यात सापडलं ते फ्युमोनिसिन. त्याची तऱ्हा वेगळी : लिव्हर त्याला फारसं बदलत नाही, आतड्यातून थोडंच शोषलं जातं, आणि ते पेशींच्या आवरणातली सिरॅमाइड नावाची चरबी बनवणारं एन्झाइम अडवतं. तिसरं ऑक्राटॉक्सिन, ते रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून आठवडेच्या आठवडे फिरतं आणि मूत्रपिंडाला त्रास देतं. बुरशीची सगळी विषं एकाच मापाने मोजू नयेत.

दुसरं, माणूस लगेच आजारी पडतो तो डोस फार मोठा असतो. १९७४मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली, शंभरच्या वर माणसं दगावली. घरातली कुत्रीही तोच मका खाऊन तशीच मेली. त्या मक्यात किलोमागे ६ ते १६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन होतं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत धान्यासाठी मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या मक्यात तिच्या काहीशे ते हजारपट. चटणीतून रोज थोडं थोडं जातं त्याने कावीळ होत नाही. त्याचा हिशेब वीस-तीस वर्षांनी लागतो, आणि तेव्हा कोणी शेंगांशी त्याचा संबंध जोडत नाही. 'आजीला काही झालं नाही' यावरून म्हणूनच काही सिद्ध होत नाही.

पॅथॉलॉजी_निपाणी

तपासणीचं उत्तर माझ्याकडून. एसजीपीटी, एसजीओटी वाढतात ते लिव्हरच्या पेशी फुटून एन्झाइम रक्तात सांडलं की. अफ्लाटॉक्सिनच्या थोड्या थोड्या मात्रेने पेशी फुटत नाहीत, त्यांच्या डीएनएत फेरफार होतो. तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे पोटात अफ्लाटॉक्सिन जात नाही असा अर्थ काढू नका. उलट एसजीपीटी वाढलेलं असेल तर आधी दारू, चरबी साठलेलं लिव्हर, हिपॅटायटिस, चालू असलेली औषधं हे बघावं. शेंगांवर बोट ठेवण्याची घाई नको.

शरीरात किती गेलं हे मोजता येतं, पण गल्लीतल्या लॅबमध्ये नाही. वर ज्या अल्ब्युमिनचा उल्लेख आला, त्याचं रक्तातलं अर्धं आयुष्य सुमारे वीस दिवस. त्याला चिकटलेलं अफ्लाटॉक्सिन-लायसिन मोजलं तर मागच्या दोन-तीन महिन्यांत किती खाल्लं याचा अंदाज येतो. लघवीतलं एम-१ किंवा अफ्लाटॉक्सिन-ग्वानीन फक्त कालपरवाचं सांगतं. हे सगळं संशोधनाच्या प्रयोगशाळांत चालतं. आरोग्य पॅकेजमध्ये 'मायकोटॉक्सिन डिटॉक्स टेस्ट' म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

त्या पैशांत एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी, करून घ्या. हे मी मुद्दाम जोर देऊन लिहितोय. शांघायमध्ये अठरा हजारांवर पुरुषांचा पाठपुरावा केला गेला. ज्यांच्या लघवीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा होत्या पण हिपॅटायटिस बी नव्हता, त्यांना लिव्हर कॅन्सरचा धोका ३.४ पट. फक्त हिपॅटायटिस बी असलेल्यांना ७.३ पट. दोन्ही असलेल्यांना ५९ पट. बेरीज नव्हे, गुणाकारापेक्षाही जास्त. कारण साधं आहे : विषाणूमुळे लिव्हरच्या पेशी सारख्या मरतात आणि त्यांची जागा भरायला उरलेल्या पेशी सारख्या विभागतात. डीएनएवर चिकटलेलं काढायला सवडच मिळत नाही.

भारतात बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात हिपॅटायटिस बी देशभर आलं २०११ साली. त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांनी ती लस घेतलेली नसते. आधी एचबीएसएजी, निगेटिव्ह असेल तर तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. पॉझिटिव्ह आलं तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे नाव घाला. ज्यांना गरज आहे त्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते. अशा माणसाच्या ताटात घरच्या निवडक दाण्यांपलीकडचा शेंगदाणा येऊ नये, हे घरच्यांनी बघावं.

अन्नतंत्र_गोकाक

भाजण्याबद्दल. बुरशी भाजल्यावर मरते, विष मरत नाही. शुद्ध अफ्लाटॉक्सिन बी-१ वितळतंच मुळी २६८ अंश सेल्सिअसच्या आसपास. कढईत खरपूस भाजलेल्या दाण्याचा गाभा १५०-१६० अंशांच्या पुढे क्वचित जातो; त्यापुढे गेला तर दाणा जळतो आणि चटणी कडू होते. त्या तापमानाला काही भाग कमी होतो, पण किती ते ओल, वेळ आणि मूळच्या मात्रेवर ठरतं, आणि विसंबण्याइतका तो कधीच नसतो. उकळणं, कुकरच्या शिट्ट्या, भाकरीचा तवा यांचा उपयोग त्याहून कमी.

भाजण्याचा खरा फायदा दुसरा आहे, आणि तो घरोघरी वाया जातो. दाणे मंद आचेवर भाजून पूर्ण गार करा आणि सुपात चोळून साल उडवा. चांगल्या दाण्याचं साल पटकन सुटतं. सुरकुतलेल्या, बुरशीने पोखरलेल्या दाण्याचं सुटत नाही, तो तांबडाच राहतो. साल गेलेल्या दाण्यांत आतला रंग उघडा पडतो : पिवळट, करडे, तपकिरी डाग, आणि दाण्याच्या दोन डाळींच्या मध्ये बुरशीचा पट्टा. पांढऱ्या ताटात एकेरी थर पसरा, उजेडात बसा आणि हे सगळे वेचून काढा. अर्धे झालेले दाणेही उघडून बघा. कूट करायचं ते यानंतर. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सालासकट मिक्सरला फिरवतात. मग तिखट-लसणात डाग दिसायची सोयच राहत नाही. संक्रांतीच्या शेंगापोळीसाठी साल काढतातच, तीच सवय चटणीला लावायची.

निवडण्यावर इतका भर का, त्याचं गणित बघा. अफ्लाटॉक्सिन पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, थोड्याच दाण्यांत गच्च भरलेलं असतं. समजा एका दाण्यात किलोमागे एक लाख मायक्रोग्रॅम या प्रमाणात आहे. याहूनही जास्त असलेले दाणे मिळालेले आहेत. दाण्याचं वजन ०.४ ग्रॅम, म्हणजे त्यात ४० मायक्रोग्रॅम. एका किलोत साधारण अडीच हजार दाणे. त्यातला हा एक दाणा कुटात मिसळला की अख्खं किलो ४० मायक्रोग्रॅमवर गेलं. तसंच खायच्या शेंगदाण्याची मर्यादा १० आहे, प्रक्रियेसाठी जाणाऱ्या मालाची १५. तोच एक दाणा वेचला तर किलो शून्यावर.

प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा तोही यामुळेच मूठभर पाठवून चालत नाही. प्रत्येक पोत्यातून वरचे, मधले, तळाचे दाणे घ्या, एकत्र पाच किलोच्या वर करा, सगळे दळा, मग त्यातलं थोडं पाठवा. मूठभर दाण्यांचा चांगला रिपोर्ट हा नशिबाचा भाग असतो.

कडू लागलेला दाणा थुंकावा हे बरोबर, पण कडू-खवट चव बिघडलेल्या तेलाची असते. अफ्लाटॉक्सिनची स्वतःची चव इतक्या थोड्या प्रमाणात कळत नाही. बुरशी दिसत नसतानाही विष असू शकतं, पावडर पुसून टाकली की आत तसंच राहतं. मक्यासाठी काही व्यापारी जांभळा अतिनील दिवा वापरतात, ३६५ नॅनोमीटरचा. भरडलेल्या मक्यात हिरवट-पिवळी चमक दिसली तर संशय घ्यायला जागा आहे. पण ती चमक बुरशीच्या दुसऱ्या एका पदार्थाची, म्हणून तो रिपोर्ट म्हणून धरू नये. शेंगदाण्याला तर हा दिवा लावूच नका, फसवतो.

तेलाचं : अफ्लाटॉक्सिन तेलात फार थोडं उतरतं, बहुतेक पेंडीत राहतं. घाण्याच्या ताज्या तेलात जो बारीक चोथा तरंगतो, त्यात मात्र असतं. रिफायनरीत अल्कली आणि मातीची प्रक्रिया होते तेव्हा उरलंसुरलं निघून जातं. घाण्यावर ती होत नाही. आता हिशेब करा. टाकाऊ माल घाण्यावर नेला की विष पेंडीत जमा होतं आणि पेंड जाते म्हशीला.

दूधपेंड_चिकोडी

आणि म्हशीचं लिव्हर तेच करतं जे वर सांगितलं. बी-१चं एम-१ होतं आणि ते दुधात उतरतं. खाल्लेल्या बी-१पैकी साधारण १ ते २ टक्के. भरपूर दुधाच्या गाईत ६ टक्क्यांपर्यंत. खाल्ल्यापासून बारा ते चोवीस तासांत दुधात दिसायला लागतं.

उदाहरण घ्या. पेंडीत किलोमागे १०० मायक्रोग्रॅम बी-१ आहे आणि जनावराला दिवसाला २ किलो पेंड. पोटात गेलं २००. त्याच्या २ टक्के म्हणजे ४ मायक्रोग्रॅम दुधात. १० लिटर दूध असेल तर लिटरला ०.४. आपल्या देशात दुधाची मर्यादा किलोला ०.५, युरोपात ०.०५. म्हणजे इथे निसटता पास, तिथे आठपट नापास. म्हैस ५ लिटरच देत असेल आणि तेवढंच एम-१ त्यात उतरलं, तर ०.८ होतं आणि इथेही नापास. आणि भिजलेल्या शेंगांच्या पेंडीत १०० हा आकडा काही मोठा नाही. पशुखाद्याच्या भारतीय मानकात बी-१ची मर्यादा किलोमागे २० आहे.

दूध उकळून एम-१ जात नाही. ते केसीन या दुधातल्या प्रथिनाला धरून राहतं, म्हणून पनीरमध्ये वाढतं आणि तुपात जवळजवळ नसतं. खवा आटवताना पाणी जातं, एम-१ राहतं. पाच लिटरचा एक किलो खवा झाला तर किलोमागे पाचपट. बेळगावच्या कुंद्याला वापरायचं दूध कुठल्या पेंडीवरचं आहे हे विचारायला हरकत नाही, एवढंच म्हणतो.

उपाय सरळ आहे. संशयी पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत दूध सुधारतं, आठवडाभरात पूर्ण. बंद करणं शक्यच नसेल तर बेंटोनाइट किंवा सिलिकेटचा बाइंडर, १०० किलो खाद्यात ५०० ग्रॅम ते १ किलो, नीट मिसळून. बी-१ला तो आतड्यातच धरतो आणि शेणावाटे काढतो. फ्युमोनिसिनवर तो फारसा चालत नाही, म्हणून बुरशी आलेल्या मक्याच्या भरड्याला बाइंडरचा आधार धरू नका. मुरघासाच्या कडेचा काळा-हिरवा थर खाली पाडून फेका, खालच्या मालात कालवू नका. गाभण जनावर आणि वासरू यांना तर अशी पेंड अजिबात नको.

हिरण्यकेशी_हुक्केरी

म्हणजे आमच्या वाटणीतला प्रत्येक हिस्सा फिरून घरातच येतो. मग रानात नेमकं काय करायचं? वळीव थांबवता येत नाही.

खळं_बैलहोंगल

वळवाआधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे अक्का/अण्णा, जे कोणी असाल. शेंगा भरण्याच्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पाण्याचा ताण बसला आणि जमीन तापली की बुरशी जमिनीतच शेंगेत शिरते. पाऊस नंतर आला तरी बुरशीचं बी तिथेच असतं. या दिवसांत बोअरचं पाणी असेल तर एक-दोन पाळ्या चुकवू नका. आऱ्या (फुलातून जमिनीत उतरणारे देठ) सुटताना एकरी २०० किलो जिप्सम द्या. कॅल्शियमने टरफल घट्ट होतं, भेगाळत नाही. हुमणी आणि वाळवीने टोचलेल्या शेंगा काढतानाच वेगळ्या टाका. वेळेत काढा. जास्त पिकून जमिनीत राहिलेल्या शेंगा सगळ्यात वाईट.

उपटल्यावर झाडं उलटी घाला, शेंगा वर, पाला खाली. ढीग घालून ठेवायचा नाही, ओल्या ढिगात एका रात्रीत घाम सुटतो. पाऊस येणार असं दिसलं तरच ताडपत्री, आणि ऊन पडताच काढायची. झाकून ठेवलेल्या ओल्या शेंगा भिजलेल्या शेंगांपेक्षा लवकर बिघडतात. भिजलेला कडेचा माल मुख्य ढिगात मिसळू नका. ही एकच गोष्ट पाळली तरी पोतीच्या पोती वाचतात.

वाळवण शेंगेची ओल ९ टक्क्यांखाली आणि दाण्याची ७ टक्क्यांखाली येईपर्यंत. मीटर नसेल तर शेंग कानाशी हलवा, दाणा खुळखुळला पाहिजे. दाणा बोटात चोळल्यावर साल सुटलं पाहिजे आणि दाताखाली कटकन तुटला पाहिजे, चेपता कामा नये. मक्यासाठी मिठाची चाचणी : कोरडी काचेची बाटली, तळाला दोन-तीन चमचे कोरडं मीठ, एक तृतीयांश मका, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर. चिकटलं नाही म्हणून लगेच पोती भरू नका, मका १३ टक्क्यांवर यायला अजून एक-दोन उन्हं लागतात.

आता सगळ्यात मोठी चूक. मशीनवर फोडताना दाणे अर्धे होऊ नयेत म्हणून शेंगांवर पाणी मारतात, वजनही वाढतं. वाळवून ७ टक्क्यांवर आणलेला दाणा या एका पाण्याने पुन्हा बुरशीला लागतो, आणि तो तसाच पोत्यात भरला जातो. फोडणाऱ्याला पाणी मारू देऊ नका, उभं राहून बघा. अर्धे दाणे थोडे जास्त निघाले तर निघू देत. संकेश्वरी मिरचीवर मोडू नये म्हणून पाणी शिंपडतात, तोही हाच प्रकार.

साठवताना शक्यतो शेंगाच ठेवा, दाणे करून नव्हे. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. खानापूरच्या पावसाळी हवेत गोणपाट ओल ओढतं. तिथे आत हवाबंद प्लास्टिकची पिशवी हवी, पण माल पूर्ण वाळलेला असेल तरच, नाहीतर आतल्या आत कुजतो. शेंगेतला भुंगा दिसला तर ताबडतोब उपसून उन्हात घाला, त्याची भोकं म्हणजे बुरशीला दारं. जिप्सम आणि ट्रायकोडर्माची (रोगट बुरशीला दाबणारी मित्रबुरशी) चौकशी होबळीच्या रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या केंद्रात करा.

हिरण्यकेशी_हुक्केरी

वेचून काढलेल्या दाण्यांचं काय करायचं? टाकवत नाही म्हणून विचारतो. कोंबड्यांना चालतात का?

दूधपेंड_चिकोडी

नाही. कोंबडीची पिल्लं आणि त्याहून जास्त बदकाची पिल्लं या विषाला फार लवकर लागतात, आणि अंडी-मांसातून थोडं परत आपल्याकडेच येतं. शेणखड्ड्यातही नको, तेच खत पुढच्या भुईमुगाला जातं आणि बुरशीचं बी रानात पसरतं. चुलीत घाला, तेलकट असल्याने चांगले पेटतात. फक्त आधी तोंडाला फडकं बांधा आणि कोरडे दाणे पाखडत बसू नका. ती हिरवी पूड नाकात जाता कामा नये.